पहिली गाडी हलकी असू द्या

विशी-बाविशीतल्या मुलाला किंवा मुलीला पहिली गाडी घ्यायची ठरली की बहुतेक घरांत एकच वाद होतो. मुलांना पळणारी गाडी हवी असते: टर्बो इंजिन, अलॉय व्हील, लाल शिलाईची सीट. आईवडिलांना उंच, दणकट दिसणारी गाडी हवी असते, कारण त्यांना ती सुरक्षित वाटते. मग दोघांचंही मन राखायचं म्हणून टर्बो इंजिनाची छोटी एसयूव्ही दारात येते. माझ्या मते ही तडजोड सगळ्यात वाईट. नवशिक्याच्या हाती जड आणि उंच गाडी जाते, तिला वेगही भरपूर असतो आणि हप्ते सात वर्षांचे होतात.

मुलांची स्पोर्टी गाडीची मागणी मला रास्त वाटते. तिला उडाणटप्पूपणा म्हणून झटकू नये. ती मान्य करावी, फक्त स्पोर्टी कशाला म्हणायचं हे शोरूममधल्या स्टिकरवरून ठरवू नये. वजनाला हलकी, जमिनीलगत बसणारी, मॅन्युअल गिअरची, 80 ते 90 बीएचपीची (बीएचपी हे इंजिनाच्या ताकदीचं माप) हॅचबॅक ही नवशिक्यासाठी खरी स्पोर्टी गाडी आहे आणि पहिली गाडी म्हणूनही तीच योग्य आहे.

आकड्यांनी बोलू. 2024 च्या मे महिन्यात आलेल्या नव्या स्विफ्टचं इंजिन 1.2 लिटरचं, तीन सिलिंडरचं आणि सुमारे 80 बीएचपीचं आहे. हा आकडा ऐकून मुलं नाक मुरडतात. पण मॅन्युअल गाडीचं वजन आहे साधारण 920 किलो. चार मीटरच्या आत बसवलेल्या बऱ्याच एसयूव्ही अकराशे-बाराशे किलोंच्या घरात जातात. ते दोन-अडीचशे किलो प्रत्येक ब्रेकला थांबवावे लागतात, प्रत्येक वळणावर वळवावे लागतात आणि प्रत्येक चढावर ओढावे लागतात. शिवाय ते उंचावर असतात, म्हणून वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलते. हलक्या आणि ठेंगण्या गाडीत हे फारसं होत नाही. ताम्हिणीत पावसाळ्यानंतर, रस्ता कोरडा असताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर पन्नासच्या वेगाने जरी वळणं घेतली तरी पुढचे टायर काय करताहेत ते स्टिअरिंगमधून हाताला कळतं. वेग थोडा जास्त झाला की गाडी वळणाच्या बाहेर सरकू पाहते, टायर कुरकुरतात, आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. उंच, मऊ सस्पेन्शनच्या गाडीत हाच इशारा उशिरा येतो आणि आला की एकदम येतो.

2005 साली पहिली स्विफ्ट भारतात आली तेव्हा एका अख्ख्या पिढीने तिच्यावर जीव लावला तो यामुळेच. ती फार वेगवान नव्हती, पण सांगाल तशी वळायची. नंतर चाकणमध्ये बनणाऱ्या पोलोने हेच केलं, रांजणगावात बनणाऱ्या पुंटोनेही केलं. महाराष्ट्रातल्या तरुणांनी ज्या गाड्यांची स्वप्नं पाहिली त्यांतल्या बऱ्याचशा पुणे जिल्ह्यातल्याच कारखान्यांतून बाहेर पडत होत्या. आज पुंटो नाही, 2022 मध्ये पोलो गेली, 2023 मध्ये होंडा जॅझ गेली, आणि फिगो बनवणाऱ्या फोर्डने 2021 मध्येच इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. बाजारातली निम्म्याहून अधिक विक्री आता एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्यांची आहे. कंपन्या सांगतात, लोकांनाच हे हवंय. लोकांना हवं असतं ते बऱ्याच अंशी शेजारच्या पार्किंगमध्ये काय उभं आहे त्यावर ठरतं. पण याचा फटका विशीतल्या मुलांना बसतो, कारण शिकण्याजोग्या गाड्या एकेक करून शोरूममधून नाहीशा होताहेत.

उंच गाडीच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. आपले रस्ते. स्विफ्टच्या पोटाखाली 163 मिलिमीटर जागा आहे, टाटाच्या छोट्या एसयूव्हीच्या, नेक्सॉनच्या खाली 208. गावात शिरताना कुणीतरी स्वतःच्या मर्जीने घातलेला गतिरोधक, जुलैतला खड्डा, शेतावरची वाट या सगळ्यांत हा साडेचार सेंटिमीटरचा फरक जाणवतो. ज्याला रोज अशा वाटेने जायचं आहे त्याने उंच गाडी घ्यावी, त्यात काही चूक नाही. पण पुणे, ठाणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर इथे राहून कॉलेजला किंवा पहिल्या नोकरीला जाणाऱ्या मुलामुलीचं नव्वद टक्के चालवणं डांबरावर आणि काँक्रीटवर होतं. त्यांच्यासाठी उंचीचं कारण सांगून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढू नये.

कारण उंची आणि सुरक्षितता यांचा थेट संबंध नाही. सुरक्षितता दोन ठिकाणी असते, आदळण्याच्या आधी आणि आदळल्यानंतर. आदळल्यानंतरचं काम सांगाडा, पट्टे आणि एअरबॅग करतात आणि त्याचा अंदाज क्रॅश टेस्टच्या ताऱ्यांवरून येतो. इथे हॅचबॅकप्रेमींना कडू गोष्ट ऐकावी लागते. नव्या, कडक नियमांनुसार 2022 च्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या संस्थेने आधीच्या पिढीची स्विफ्ट तपासली तेव्हा तिला एकच तारा मिळाला. वळणात गोड वाटणारी गाडी धडकेत कच्ची निघाली. उलट पिंपरीत बनणाऱ्या टाटा अल्ट्रोझने 2020 च्या जानेवारीत पाच तारे मिळवले, तेव्हाच्या जरा सोप्या नियमांनुसार. पोलोची कथा तर प्रत्येक पालकाने वाचावी अशी आहे: 2014 मध्ये एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगच्या त्याच पोलोला मोठ्यांच्या संरक्षणात चार. सांगाडा तोच होता. म्हणजे गाडी उंच की ठेंगणी यापेक्षा नेमकं कुठलं मॉडेल, कुठल्या सालचं, कुठलं व्हेरिएंट हे विचारलं पाहिजे.

आदळण्याच्या आधीचं काम करणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे इएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा. काही कंपन्या तिला इएसपी म्हणतात. युरोपात 2014 च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या कारमध्ये ती सक्तीची आहे. आपल्याकडे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, 2019 पासून सक्तीचं झालं, पुढच्या दोन एअरबॅगही झाल्या, पण इएससीची सरसकट सक्ती झालेली नाही. नव्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि इएसपी सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहेत. सेकंडहँड गाडी बघताना मात्र ही एक गोष्ट व्हेरिएंटनिहाय तपासावी, कारण एकाच नावाच्या दोन गाड्यांपैकी एकीत ती असते आणि दुसरीत नसते. सनरूफसाठी पन्नास हजार जास्त मोजणारा बाप इएससीबद्दल विचारतही नाही, आणि सेल्समनही आपणहून सांगत नाही. पैशांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

आता टर्बो, म्हणजे जास्तीची हवा कोंबून छोट्या इंजिनातून मोठी ताकद काढणारी यंत्रणा. ह्युंदाईच्या आय20 एन लाइनचं 998 सीसीचं इंजिन 118 बीएचपी देतं. अल्ट्रोझ रेसरनेही 2024 मध्ये तितकीच ताकद दिली, सहा गिअरच्या मॅन्युअलसह. या उत्तम गाड्या आहेत. मला त्या आवडतात. तीन-चार वर्षं चालवलेल्या माणसाने बिनधास्त घ्याव्यात. नवशिक्यासाठी अडचण अशी की टर्बो इंजिन कमी आरपीएमलाच, म्हणजे हळू फिरत असतानाच, जोर देतं. पाय थोडा दाबला की वेग कधी शंभरावर गेला कळत नाही, आवाजही फारसा वाढत नाही. साध्या इंजिनात वेग कमवावा लागतो: गिअर खाली टाकायचा, इंजिन ओरडायला लागतं, आणि ओव्हरटेक करण्याआधी समोरून येणाऱ्या ट्रकचा हिशेब नाइलाजाने करावा लागतो. हा हिशेब करायची सवय पहिल्या दोन वर्षांत लागते, नाहीतर लागतच नाही.

वेगाचा हिशेब किती क्रूर असतो ते एकदा कागदावर मांडून बघा. कोरडा रस्ता, चांगले टायर, चालकाला भानावर यायला एक सेकंद. 80 च्या वेगात गाडी थांबायला सुमारे 53 मीटर लागतात, 100 ला सुमारे 76, आणि 120 ला शंभराच्याही पुढे. यातली भयानक गोष्ट वेगळीच आहे. 80 ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी 100 ने येणारी गाडी अजून 70 च्या आसपास वेगात असते. फक्त वीसचा फरक, पण एकाचा जीव वाचतो आणि दुसरा सत्तरच्या वेगात ट्रॉलीवर आदळतो. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा 120 आहे. तिथे पहिल्याच वर्षी मित्रांना घेऊन निघालेल्या मुलाला हे गणित कुणी सांगितलेलं असतं का?

इथे हा प्रश्न घरातून बाहेर पडतो, सार्वजनिक होतो. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 या वयातले होते आणि दहातल्या सात मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदलेलं आहे. तरीही नवशिक्याच्या हाती किती ताकदीची गाडी जाते, याकडे आपल्या व्यवस्थेत कुणी बघतच नाही. कर ठरतो लांबी आणि सीसीवरून. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे, मग ती 67 बीएचपीची असो की 118 ची. थर्ड पार्टी विम्याचा हिशेब तर थेट उलटा आहे. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2,094 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीच्या कारला 3,416 रुपये लागतात. म्हणजे 998 सीसीची, 118 बीएचपीची आय20 एन लाइन कमी हप्ता भरते आणि 1197 सीसीची, 82 बीएचपीची साधी आय20 जास्त भरते. दुसऱ्याला धडक दिली तर भरपाईसाठी असलेला विमा हा. ज्या काळात मोठं इंजिन म्हणजेच जास्त ताकद होती त्या काळातला हा हिशेब टर्बो आल्यावर बदलायला हवा होता. चालक अठरा वर्षांचा आहे की अठ्ठेचाळीसचा, हे तर त्यात कुठेच येत नाही.

इतर देशांनी यावर काम केलंय. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात नव्या परवानाधारकाला वजनाच्या टनामागे 130 किलोवॉट (किलोवॉट हे ताकदीचं दुसरं माप) किंवा त्याहून जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. इटलीत ही मर्यादा बरीच कडक, टनामागे 55 किलोवॉट होती. 2024 च्या डिसेंबरमध्ये ती 75 केली आणि बंधनाचा काळ एका वर्षावरून तीन वर्षांवर नेला. ब्रिटनमध्ये गाड्या विम्यासाठी 1 ते 50 अशा गटांत वर्षानुवर्षं विभागल्या गेल्या आणि तिथला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पहिली गाडी निवडताना आधी विम्याचा गट बघतो, कारण वरच्या गटातल्या गाडीचा विमा त्याला परवडतच नाही. आपली स्विफ्ट या मापात बसवली तर टनामागे 65 किलोवॉट भरते, आय20 एन लाइन 80 च्या आसपास. म्हणजे इटलीची आजची मर्यादा इथे आणली तरी मुलांच्या तोंडचा घास जात नाही. स्पोर्टी, परवडणारी हॅचबॅक त्यात आरामात बसते. पहिली दोन वर्षं टनामागे 75 किलोवॉटची मर्यादा आणि विमा सीसीऐवजी ताकद व वजन यांच्या प्रमाणावर, एवढ्या दोनच गोष्टी केंद्राने कराव्यात असं माझं म्हणणं आहे. लगेच कुणी विचारेल, पकडणार कोण? आरसीवर वजन आणि ताकद नोंदवायची, परवान्यावर तारीख असतेच. नाक्यावरच्या पोलिसाच्या मोबाइलवर दोन्ही दिसतील. हेल्मेटची पावती फाडण्यापेक्षा हे अवघड नाही.

आपल्याकडे कायदा बोलतो तो गुन्हा घडून गेल्यावरच्या शिक्षेबद्दल. 2019 च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी कडक तरतूद आली. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला, अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा ती तरतूद अस्तित्वात होतीच. शिक्षा पाहिजेच. पण अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दुसऱ्याच दिवशी कुठलीही ताकद कायदेशीर होते, या पोकळीबद्दल त्यानंतरही फारशी चर्चा झाली नाही.

परवान्याच्या चाचणीचं तर काय सांगावं. पुण्यात भोसरीच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढायचा, रिव्हर्स घ्यायची, चढावर गाडी थांबवून मागे न जाऊ देता पुढे काढायची. चाचणी प्रामाणिक आहे आणि पूर्वीच्या 'एक चक्कर मारून दाखव'पेक्षा कितीतरी बरी. तरीही सगळं दुसऱ्या गिअरच्या आत संपतं. ऐंशीच्या वेगात पूर्ण ताकदीने ब्रेक मारला की एबीएसचं पेडल पायाखाली थरथरतं आणि तेव्हा पाय काढायचा नसतो, हे पक्कं लायसन्स मिळालेल्या बहुसंख्य मुलांनी कधी अनुभवलेलं नसतं. पहिल्यांदा ते अनुभवतात ते खंबाटकीच्या उतारावर, समोर कंटेनर आडवा असताना. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, नाशिकला राष्ट्रीय दर्जाच्या रॅली झाल्या आहेत, म्हणजे वेगाची हौस बंदिस्त जागी फेडण्याची परंपरा महाराष्ट्राला आहे. प्रत्येक महसूल विभागात एक असा ट्रॅक, जिथे रविवारी माफक पैसे भरून आपली स्वतःची हॅचबॅक नेता येईल, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून बघता येईल, एवढी सोय सरकारने करावी. रात्री हायवेवर रेस लावणाऱ्यांवर कारवाई करताना दुसरी जागाही दाखवायला हवी.

गाडीत फेरफार करून घेण्याच्या नादाबद्दलही दोन शब्द. सायलेन्सर बदलणं, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणं, इंजिनाच्या संगणकातला मॅप बदलून वीस बीएचपी वाढवणं हे सगळं गल्लीतल्या दुकानात होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशीलात असा बदल करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तो दिसला तर दावा अडकतो आणि वॉरंटीही जाते. मुलाला एकच बदल करू द्यावा, तो म्हणजे टायर. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटला 165 मिलिमीटर रुंदीचे टायर येतात आणि वरच्याला 185 चे. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मोठ्या मापाचे, चांगल्या पकडीचे चार टायर आणि त्या मापाच्या रिम बसवल्या की गाडीचा स्वभाव बदलतो, ब्रेकिंग सुधारतं, आणि हा खर्च टॉप मॉडेलसाठी मोजाव्या लागणाऱ्या जास्तीच्या रकमेत सहज निघतो. माझ्या लेखी तो पैसा मोठ्या स्क्रीनपेक्षा तिथेच जावा.

सेकंडहँड घेणं हा तर पहिल्या गाडीसाठी अनेकदा शहाणपणाचा रस्ता. पाच-सहा वर्षांची अल्ट्रोझ किंवा शेवटच्या वर्षांतली पोलो चार-पाच ओरखडे आले तरी जीव जाळत नाही. सर्व्हिसचा रेकॉर्ड, आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि असल्यास एनओसी, थकलेली चलनं हे बघतातच लोक. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2319 लिहिलंय म्हणजे टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला, नक्षी कितीही शिल्लक दिसो, तो बदलायचा. 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून इंधनाचे पाइप आणि सील मेकॅनिककडून बघून घ्यावेत. आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असलेली जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नये. तो गिअरबॉक्स बिघडला तर स्वस्ताई एका बिलात संपते.

मॅन्युअलचा आग्रह मी घाटामुळे धरतो. उतारावर दुसरा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरून ठेवू देणं ही आपल्या भूगोलात अत्यावश्यक विद्या आहे. न्यूट्रलवर गाडी सोडून 'ॲव्हरेज' वाचवणारी माणसं ब्रेक तापवतात आणि बोरघाटात त्याची किंमत इतरांनाही मोजायला लावतात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास क्लच दाबणाऱ्याला ऑटोमॅटिक हवी वाटली तर मी समजू शकतो. मात्र मुलीला गाडी घेताना 'तिला ऑटोमॅटिकच बरी' हे तिला न विचारता ठरवणं थांबलं पाहिजे. वरंधा घाट तिच्याही वाटेत येतो.

कायदा येईपर्यंत घरात जे करता येईल त्यातलं एक सगळ्यात कमी खर्चाचं आहे. न्यू साउथ वेल्समध्ये नव्या परवान्याच्या पहिल्या टप्प्यातल्या पंचविशीच्या आतल्या चालकाला रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत एकविशीच्या आतला एकच सोबती नेता येतो, घरच्यांचा अपवाद सोडून. समवयस्क मित्रांनी भरलेली गाडी आणि रात्र या जोडीतला धोका जगभर अभ्यासला गेला आहे. गाडीची किल्ली देताना मुलाशी, मुलीशी हा करार उघडपणे बोलून करावा: पहिलं वर्षभर रात्री अकरानंतर गाडीत मित्रांची फौज नाही, मागच्या सीटवरही पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही, लोणावळ्याला जायचं तर पहाटे निघायचं. त्याच्या आवडीची, सांगाल तशी वळणारी गाडी घेऊन दिली असेल तर तो हा करार ऐकून घेतो. त्याची मागणी बालिश म्हणून उडवून लावली आणि वर नियमही सांगितले, तर ऐकत नाही.